उत्तरेच्या दारातलं ऊन: इमारतीच्या बाहेरच्या रेंडरमध्ये दिवसाचा खरा उजेड कसा आणायचा

कोल्हापूरजवळ पाचगावच्या बाजूला एका बंगल्याचं काम होतं. प्लॉट उत्तरमुखी. मॉडेल आर्किटेक्टनं दिलेलं, माझ्याकडे फक्त रेंडर, म्हणजे त्या मॉडेलवरून संगणकात फोटोसारखं चित्र काढणं. मी जीव ओतून केलं. पांढऱ्या भिंतीवर तिरपं ऊन, छज्ज्याची स्वच्छ सावली, फाटकाशी नारळ. कोपऱ्यात हौसेनं लिहिलं, 'जानेवारी, सकाळी १०'. मालक खूश, आर्किटेक्टही खूश. मालकांचे वडील मात्र चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ प्रिंट न्याहाळत बसले आणि म्हणाले, "चित्र झकास हाय ओ. पण आमच्या जुन्या घराचं दारबी उत्तरंलाच हाय. थंडीत तिथं कापडं वाळत न्हाईत. तुमच्यात एवढं ऊन आलं कुठनं?"

ते ऊन मी माउसनं सूर्य ओढून आणलं होतं. भिंतीवर छान दिसेल अशा जागी नेऊन ठेवला, झालं. तेव्हापासून बाहेरच्या कुठल्याही रेंडरमध्ये सूर्याला हात लावायच्या आधी मी कागद-पेन्सिल घेतो. खालचा क्रम त्यातूनच बसत गेलाय. रेंडरसाठी मी व्ही-रे आणि ब्लेंडर ही सॉफ्टवेअरं वापरतो. कोरोना, एन्स्केप, लुमियनवाल्यांनी बटणांची नावं तेवढी बदलून घ्यावीत.

१. आधी गाव, मग उत्तर

कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७४.२ अंश पूर्व रेखांशावर आहे. हे दोन आकडे आणि वेळेसाठी +५:३० फाइलमध्ये सगळ्यात आधी घाला. क्षुल्लक वाटतं, पण बरीच रेंडरं इथंच फसतात. मॉडेल काढायच्या स्केचअप या सॉफ्टवेअरमध्ये लोकेशन न दिलेल्या फाइलीत कित्येक वर्षं अमेरिकेतलं बोल्डर हे गाव धरलेलं असायचं, अक्षांश ४०. तिथं २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य जेमतेम साडेसव्वीस अंशांवर येतो, आपल्याकडे पन्नासवर. म्हणजे १० मीटर उंच भिंतीची सावली तिथं २० मीटर पडते आणि इथं साडेआठ. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण 'हे आपल्याकडचं वाटत नाही' हे त्याला कळतं.

मग उत्तर. मॉडेल बहुतेक वेळा रस्त्याला समांतर फिरवून काढलेलं असतं, त्यामुळे सॉफ्टवेअरची उत्तर आणि प्लॉटची उत्तर यांचा संबंध नसतो. प्लॅनवरच्या बाणावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. सॅटेलाइट नकाशात प्लॉटची कड बघा आणि तेवढा कोन मॉडेलला द्या. साइटवर फोनचा होकायंत्र वापरणार असाल तर सळ्यांच्या ढिगापासून आणि गाडीपासून लांब उभे राहा, नाहीतर सुई कुठंही जाते.

२. तारीख आणि वेळ

हे समजायला कोल्हापूरकराला वेगळा क्लास लावावा लागत नाही. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी अशा दोन वेळा किरणोत्सवात मावळतीची किरणं गाभाऱ्यात पोचतात. वर्षातून दोनदाच का? कारण या दोन्ही वेळी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १७ अंशांवर असतो, एकदा खाली जाताना, एकदा परत येताना. तेव्हा तो ठीक पश्चिमेला मावळत नाही. सुमारे १८ अंश दक्षिणेकडे सरकून मावळतो. किरणांच्या वाटेत आलेल्या बांधकामांची चर्चा दरवर्षी होते, ती याच कोनापायी. एखाद्या तारखेचा सूर्य कुठं असतो हे आपल्या गावात देवळाला ठाऊक आहे, रेंडर करणाऱ्यालाही असावं.

घड्याळाचीही एक गंमत. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आपण ७४.२ वर. त्यामुळे आपली खरी मध्यान्ह सरासरी १२:३३ ला होते. तीही वर्षभर हलते. नोव्हेंबरच्या मध्यात १२:१८ च्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्यात १२:४७ ला. म्हणून संध्याकाळी साडेचारला १५ नोव्हेंबरचा सूर्य १९ अंशांवर आलेला असतो, तर १५ फेब्रुवारीला तो अजून २८ वर असतो. घड्याळ तेच, सावली दीडपटीनं वेगळी.

आता वेळ निवडायची कशी? दर्शनी भिंतीला ऊन समोरून भिडलं तर भिंत सपाट दिसते, अगदी कडेनं घासून गेलं तर प्लास्टरचा प्रत्येक उंचवटा बोंबलतो. भिंतीच्या लंबाशी ३० ते ५० अंश कोन मला बरा वाटतो. पूर्वमुखी बंगला आणि १५ नोव्हेंबर घ्या. साडेआठला सूर्य २४ अंश वर, पूर्वेपासून ३० अंश दक्षिणेकडे. ६० सेंटीमीटरच्या छज्ज्याची सावली भिंतीवर ३० सेंटीमीटर उतरते. दहा वाजता सूर्य ४१ अंशांवर जातो, पूर्वेपासून ४४ अंश सरकतो आणि तीच सावली ७३ सेंटीमीटर होते. खिडकीचा वरचा अर्धा भाग सावलीत, खालचा उन्हात. मी बहुतेक वेळा या दोहोंच्या मधली सव्वानऊची वेळ घेतो. हा हिशेब एकदा कागदावर करून रेंडरमध्ये सावली मोजा. जुळली नाही तर उत्तर किंवा वेळ कुठंतरी चुकलीय.

पश्चिममुखी घराला दुपारी साडेतीन ते साडेचार. दक्षिणमुखीला हिवाळा सोन्यासारखा: २१ डिसेंबरच्या दुपारी ५० अंशांचं ऊन, ६० च्या छज्ज्याखाली ७१ सेंटीमीटर सावली. मे महिन्याची दुपार मात्र टाळा. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस ते. या दोन तारखांच्या मधे तो दुपारी चक्क उत्तरेकडून जातो. त्या काळात भिंती काळवंडलेल्या, गच्ची आणि जमीन मात्र भाजलेली, असं चित्र येतं. खरं असतं, पण असं घर विकत घ्यावंसं कुणाला वाटत नाही.

३. ऊन वेगळं, आकाश वेगळं

दिवसाच्या उजेडात दोन दिवे असतात. एक सूर्य: लहान, कडक, पिवळसर. दुसरं आकाश: प्रचंड, मऊ, निळं. तांबडा आणि पांढरा रस्सा दोन वाट्यांत येतो, ताटात आपण प्रमाण ठरवतो, तसंच हे. दोन्ही एकाच वाटीत ओतले की चव गेली. स्वच्छ दिवशी उन्हातल्या जमिनीवर जवळपास एक लाख लक्स उजेड असतो. तिथंच सावलीत उभं राहिलात तर दहा ते वीस हजार.

हे वाचण्यापेक्षा मोजून बघा. मी नोव्हेंबरात आमच्या घरामागच्या चुन्याच्या भिंतीवर कॅमेरा लावला. स्पॉट मीटरिंग, आयएसओ १००, एफ ८. उन्हाच्या भागात शटर आलं १/१०००, हातभर अंतरावर छज्ज्याच्या सावलीत १/१२५. तीन स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणजे आठपट. आता रेंडरमध्ये तीच परीक्षा घ्या. एकाच भिंतीवर उन्हातला आणि सावलीतला एकेक पिक्सेल निवडा आणि फ्रेम बफरमधले (रेंडर दिसतं त्या खिडकीतले) लिनिअर, म्हणजे उजेडाचे कच्चे आकडे वाचा. ब्लेंडरमध्ये इमेज एडिटरमध्ये उजवं बटण दाबून धरलं की खाली आकडे दिसतात. दुपारच्या स्वच्छ उन्हात गुणोत्तर ५ ते ८ पट हवं. दीड-दोन पट आलं तर ऊन आजारी दिसेल, वीसपट आलं तर चंद्रावरचं. नवीन मुलं सावली काळी दिसते म्हणून आकाशाची ताकद दुप्पट करतात आणि मग ऊन फिकं पडलं म्हणून सूर्य वाढवतात. रात्रीचे दोन वाजतात, चित्र तिथंच.

सोपी वाट म्हणजे जोडीनं येणारी सूर्य-आकाश यंत्रणा वापरायची आणि दोन्हीचे मल्टिप्लायर (ताकदीचे आकडे) १ वर सोडून द्यायचे. व्ही-रेमध्ये सन आणि स्काय, ब्लेंडरमध्ये २.९० पासून आलेलं निशिता स्काय टेक्स्चर. त्यांच्यामागचं गणित हे प्रमाण आपोआप सांभाळतं.

सावलीच्या कडेचं एक सांगायलाच हवं. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो साधारण ०.५३ अंश रुंद दिसतो. म्हणून सावलीच्या कडेला उपछाया (अर्धवट सावलीचा पट्टा) येते: सावली पाडणारी वस्तू १ मीटर लांब असेल तर सुमारे ९ मिलिमीटर, १० मीटर लांब असेल तर ९ सेंटीमीटर. दुपारी शेजारच्या गच्चीवरच्या टाकीची सावली आपल्या भिंतीवर कशी पुसट होते आणि खिडकीच्या ग्रिलची कशी कोरल्यासारखी उमटते, ते शेजारी शेजारी बघा. व्ही-रेमध्ये सूर्याचा आकार १ वर, म्हणजे खऱ्याइतका, ठेवला तर हे दोन्ही एकाच चित्रात मिळतं. 'मऊ सावली' म्हणून आकार पाचपट केलात की ग्रिलची सावलीही पुसली जाते आणि बंगला टेबलावरचं खेळणं वाटू लागतो.

आकाशासाठी एचडीआरआय, म्हणजे खऱ्या आकाशाचा चहूबाजूंचा फोटो, वापरायचा असेल तर दोन गोष्टी तपासा. पहिली, त्यातला सूर्य कापला गेलाय का. बऱ्याच फाइलींत सूर्याची खरी तीव्रता टिपलेलीच नसते, मग सावल्या मिळमिळीत येतात. अशा वेळी त्याच जागी वेगळा सन लाइट लावावा लागतो. दुसरी, सूर्याची उंची. एचडीआरआय गोल फिरवता येतो, पण त्यातला सूर्य वर-खाली नेता येत नाही. कुठल्याशा थंड देशात २० अंशांवरच्या सूर्याचा फोटो घेऊन तुम्ही कोल्हापूरची दुपार दाखवायला गेलात तर पहिल्या पायरीवरची मेहनत पाण्यात.

४. एक्सपोजर

दिवे खरे ठेवले की चित्र पांढरंफटक होतं आणि माणूस घाबरून दिवे कमी करतो. तसं करू नका, कॅमेऱ्यात शिरणारा उजेड कमी करा, म्हणजे एक्सपोजर खाली आणा. फोटोग्राफरांचा जुना नियम आहे: कडक उन्हात एफ १६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. आयएसओ १०० ला एफ १६, १/१००. त्याचाच भाऊ एफ ८, १/४००. व्ही-रेच्या फिजिकल कॅमेऱ्यात मी एफ ८, १/३०० च्या आसपास सुरू करतो आणि तिरप्या उन्हाला १/२०० पर्यंत येतो. ब्लेंडरमध्ये स्काय टेक्स्चर १ वर ठेवून कलर मॅनेजमेंटचं एक्सपोजर उणे ३ पासून खाली नेत जा. व्ह्यू ट्रान्सफॉर्म (उजेडाचे आकडे स्क्रीनच्या रंगांत बदलायची पद्धत) एजीएक्स किंवा फिल्मिक हवा. 'स्टँडर्ड'वर पांढरी भिंत उन्हात जळते आणि तिचा पोत परत येत नाही.

व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनच्या आसपास ठेवा आणि सावलीतला निळसरपणा राहू द्या. क्लायंटला तो 'डाग' वाटतो, तरी काढू नका. तो गेला की आकाशच गेलं.

हे सगळं होईपर्यंत मॉडेलवर एकही खरं मटेरियल नको. सगळीकडे एकच राखाडी ओव्हरराइड (सगळ्यांवर चढणारं तात्पुरतं मटेरियल) चढवा. राखाडी घर उन्हात उभं आहे असं वाटलं तरच पुढं जा.

५. रंग: पांढरा इतका पांढरा नसतो

नवीन रंगवलेली भिंतही पडलेल्या उजेडापैकी साधारण ८० टक्के परत फेकते. म्हणून ० ते २५५ च्या मापात डिफ्यूज रंग (मटेरियलचा मूळ रंग) २५५ कधीच नको, २३० च्या वर जाऊ नका. वापरातली भिंत २१० ते २२०. जुनं डांबर ९० च्या घरात, ताजं ६०-६५. हे आकडे जास्त ठेवले तर उजेड प्रत्येक भिंतीवरून उड्या मारत राहतो, सावल्या भरून निघतात आणि सगळ्या चित्रावर दुधाची साय धरते. सूर्यात काही चुकलेलं नसतं, चूक रंगाच्या डब्यात असते.

काळ्या दगडासाठी एकदा न्यू पॅलेसला जाऊन या. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावर १८७७ ते १८८४ मध्ये बांधलेली ही इमारत. सकाळी जा आणि दगडाचा सपाट भाग बघू नका, कडा बघा. काळ्या दगडावर ऊन पडलं तरी तो फारसा उजळत नाही. ऊन दिसतं ते कमानीच्या कडेवर, सांध्यांतल्या बारीक सावलीत आणि घडीव भागावरच्या चकाकीत. रेंडरमध्ये बेसाल्टची भिंत मेलेली दिसते तेव्हा लोक दगड उजळ करतात. त्यापेक्षा कडांना ३-४ मिलिमीटरची गोलाई द्या, सांधे खरोखर खोल करा, रफनेसला (खरखरीतपणाला) थोडा चढउतार द्या. टोकदार नव्वद अंशांची कड जगात कुठंच नसते.

जमिनीचा रंग छताला लागतो, हे विसरलं जातं. छज्ज्याच्या आणि बाल्कनीच्या खालच्या बाजूला थेट ऊन कधी येत नाही, तिथला उजेड जमिनीवरून उसळून आलेला असतो. पश्चिमेकडच्या तांबड्या मातीच्या प्लॉटवर बाल्कनीचं पोट केशरी झाक घेतं, नदीकाठच्या काळ्या रानात ते मळकट करडं राहतं, दारात पांढरे पेव्हर असतील तर उजळून निघतं. जमीन म्हणून नुसता हिरवा प्लेन टाकलात तर आख्ख्या घराच्या पोटाला कावीळ होते.

६. कॅमेऱ्याच्या मागचं गाव

दिवसा खिडकीची काच बाहेरून काळपट दिसते आणि समोरचं दाखवते. तुमच्या कॅमेऱ्यामागे रिकामं आकाश असेल तर काचेत रिकामं आकाशच येणार. मागे दोन-तीन ओबडधोबड ठोकळ्यांची घरं, विजेचा खांब, एखादं गुलमोहराचं झाड ठेवा. पोत नसला तरी चालतो. शिवाय शेजारच्या घराची किंवा झाडाची एक सावली चित्रात बाहेरून आत येऊ द्या. राजारामपुरीतल्या कुठल्याही गल्लीत घर एकटं उन्हात उभं नसतं, कुणाची तरी सावली त्याच्या अंगावर असतेच.

झाडांच्या पानांतून उजेड आरपार येतो. ट्रान्सलुसन्सी दिली नाही तर उन्हाविरुद्धचं झाड कात्रणासारखं काळं पडतं. आणि थंड देशांतली बर्चची झाडं कृपा करून काढून टाका.

७. हवा

ऑक्टोबरात पाऊस ओसरला की इथली हवा धुतल्यासारखी असते. तेव्हा व्ही-रेची टर्बिडिटी (हवेचा गढूळपणा) अडीच-तीनवर ठेवतो. ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला, रानात पाचट पेटलं, गुऱ्हाळं धुमसू लागली की संध्याकाळी क्षितिजावर तपकिरी थर येतो, मग चार-पाच. मेमध्ये सहापर्यंतही जातो. हे आकडे माझ्या डोळ्यांचे आहेत, तुमचे वेगळे येतील. लांबच्या डोंगराला विरळ धुकं द्या, पण कंपाउंडच्या आत नको. वीस मीटरवरचं घर कोल्हापुरात धुक्यात बुडत नाही, निदान सकाळी दहाला तरी नाही.

पावसाळी चित्र मागितलं तर सूर्य बंद. पूर्ण ढगाळ आकाश माथ्यावर क्षितिजापेक्षा साधारण तिप्पट उजळ असतं, तेवढा चढ डोमला (आकाशाच्या घुमटाला) द्या. एकसारखा राखाडी डोम लावू नका. ओली जमीन काळपट करा आणि चकचकीत करा, दोन्ही एकदम.

शेवटचे संस्कार थोडक्यात. कर्व्ह हलका, ग्लेअर कणभर, लेन्स फ्लेअर अजिबात नाही. होर्डिंगवर जाणार असेल तर एक छोटी प्रिंट काढून खऱ्या उन्हात नेऊन बघा.

८. आणि उत्तरमुखी घर

पाचगावचं रेंडर मी पुन्हा केलं, जानेवारी सकाळी दहालाच. सूर्य आग्नेयेला, ३५ अंशांवर, म्हणजे घराच्या मागे. सात मीटर उंच घराची सावली दर्शनी भिंतीपुढं साडेसहा मीटर जाते. समोरची जागा साडेचार मीटर, त्यामुळे सावली फाटक ओलांडून रस्त्यावर पोचली. दर्शनी भिंत पूर्ण सावलीत. पहिल्यांदा अंगावर काटा आला, हे देणार कसं?

एक्सपोजर एक स्टॉपनं उघडलं. भिंत निळसर पांढरी झाली, आकाश फिकं पडलं, तसंच ठेवलं. रस्त्यापलीकडच्या उन्हातल्या कंपाउंडवरून उसळलेला उजेड दाराच्या चौकटीला लागला, सागवान उबदार दिसू लागलं. नारळाच्या झावळ्या मागून पेटल्या. पूर्वेचा प्लॉट मोकळा होता, म्हणून घराच्या ईशान्य कोपऱ्याला वळसा घालून उन्हाचा एक तिरका पट्टा अंगणात शिरला होता, फाटकाशी चांगला पाच मीटर रुंद. तो मी ठेवला नव्हता, हिशेबातून आला होता.

प्रिंट घेऊन गेलो. आजोबांनी पुन्हा चष्मा वर सरकवला, त्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि सुनेला हाक मारली, "ए, हिकडं ये. दोरी हितं बांधायची बघ."